गळाच्या काठीचा सुखरूप प्रवास

गळाला लागलेल्या मोठ्या माशाने काठी मोडल्याच्या हकिगती रंगवून सांगितल्या जातात आणि तितक्याच आवडीने ऐकल्याही जातात. परंतु हा छंद निष्ठेने जोपासणाऱ्या माणसांपाशी बसून त्यांच्या मोडक्या काठ्यांची चौकशी केली, तर त्यांपैकी बहुतेकींचा अंत पाण्यापासून पुष्कळ दूर, मोटारीच्या दाराच्या फटीत, डिकीच्या झाकणाखाली, बर्फाच्या पेटीच्या भाराखाली किंवा मुक्कामाच्या खोलीतल्या फिरत्या पंख्याच्या पात्यात झालेला असतो, असे आढळून येते. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. पाण्याकाठी काठीला जे सोसावे लागते, ते सोसण्यासाठीच कारागिराने तिची घडण केलेली असते. रस्त्याने जाताना तिच्यावर जे आघात होतात, त्यांची तजवीज मात्र तिच्या मालकाने करावयाची असते, आणि नेमकी तीच बहुधा राहून जाते.

कोकणच्या किनाऱ्यावर गरी टाकून मासे धरण्याची, तिकडच्या बोलीत गरवण्याची, रीत फार जुनी आहे. खाडीच्या मुखाशी खडकावर बसून, नुसत्या हातातल्या तंगुसावर तांबोशी किंवा जिताडा खेळवणारे जाणते गरवणारे आजही गावोगाव भेटतात, आणि त्यांचे सारे सामान एका पिशवीत मावते. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या हौशी माणसाची गोष्ट निराळी. त्याच्याजवळ काठी असते, रीळ असते, आमिषांच्या पेट्या असतात. आणि हा सगळा सरंजाम घेऊन त्याला ताम्हिणीचा किंवा कुंभार्लीचा घाट उतरावयाचा असतो, महामार्गावरील खड्डे आणि वळसे पार करावयाचे असतात, आणि किनाऱ्याचा रस्ता धरला तर आगरदांडा ते दिघी, वेसवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे अशा खाड्या फेरीबोटीवर गाडी चढवून ओलांडावयाच्या असतात. एवढ्या प्रवासात काठी सुरक्षित राहावी अशी इच्छा असेल, तर प्रथम तिची प्रकृती समजून घेतली पाहिजे; कारण काठी कशी ठेवावी आणि कशी ठेवू नये यासंबंधीचा प्रत्येक नियम त्या प्रकृतीतूनच निघतो.

एके काळी उत्तम काठी बांबूची असे, आणि तीही अखंड बांबूची नव्हे, तर बांबूच्या बारीक निमुळत्या पट्ट्या तासून, त्यांतील सहा एकमेकींना चिकटवून केलेली षट्कोनी काठी. तिला लागणारा विशिष्ट जातीचा बांबू चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून जगभर जाई. १९५० साली अमेरिकेने चिनी मालावर व्यापारबंदी घातली, त्या देशातील काठ्या घडविणाऱ्यांचा कच्चा माल तुटला, आणि नुकतीच पुढे येऊ लागलेली काचतंतूंची काठी बाजारात स्थिरावली. पुढे १९६०च्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमानविषयक संशोधनसंस्थेत उच्च बळाचे कार्बनतंतू तयार करण्याची पद्धत विकसित झाली, आणि १९७३ साली फेनविक या अमेरिकी कंपनीने कार्बनतंतूंची काठी विक्रीस आणली. आज दुकानात चांगली म्हणून मिळणारी बहुतेक काठी या वंशातली असते.

कार्बनचा एक तंतू सुमारे ७ मायक्रॉन जाड असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जवळजवळ एकदशांश. असे असंख्य तंतू राळेत भिजवून, एका निमुळत्या पोलादी सळीभोवती गुंडाळून आणि भट्टीत तापवून घट्ट केले, आणि मग सळी आतून ओढून काढली, म्हणजे काठीची पोकळ नळी तयार होते. यांतील बहुसंख्य तंतू काठीच्या लांबीला समांतर बसविलेले असतात, आणि लांबीच्या दिशेने त्यांची ताणशक्ती विलक्षण असते. मासा ओढू लागला की काठी शेंड्यापासून मुठीपर्यंत क्रमाक्रमाने वाकते, ओढ सगळ्या लांबीवर वाटली जाते, कोणत्याही एका बिंदूवर सगळा भार येत नाही, आणि त्यामुळे जेमतेम काही तोळे वजनाची ही नळी कित्येक किलोंच्या जनावराला दमवू शकते. परंतु हीच नळी बाजूने दाबली, तर मुले पपईच्या देठाची जी पोकळ नळी करतात, ती जशी सहज वाकते पण चिमटीत धरताच चेपते, तशी तिची अवस्था होते. शेंड्याकडे तिची भिंत पुष्कळदा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. आणि बाजूच्या आघाताला अडविण्यासाठी आडवे बसविलेले तंतू तिथे फार थोडे असतात.

सारांश, काठी ही वाकण्यासाठी आहे, चेपण्यासाठी नाही. आणि प्रवासात तिच्या वाट्याला जे येते ते सगळे चेपणे, ठेचणे आणि घासणेच असते. यातील सर्वांत कपटी प्रकार ठेचेचा. शिशाचे वजन किंवा धातूचे आमिष गाडीच्या प्रत्येक हिसक्यासरशी काठीवर आपटत राहिले, तर वरच्या लेपाखाली काही तंतू तुटतात, राळेत सूक्ष्म भेग पडते, आणि बाहेरून नखाएवढाही ओरखडा दिसेलच असे नाही. काठी घरी परतते, पुन्हा किनाऱ्यावर जाते, दोन-चार लहान मासे सुखाने ओढून काढते. आणि मग एके दिवशी चांगला जिताडा लागला असता ऐन रंगात त्या दुखावलेल्या जागी कडकन तुटते. मालक दोष देतो माशाला, नाही तर कारखान्याला. वास्तविक ती काठी कोलाडच्या किंवा माणगावच्या आसपास एखाद्या खड्ड्यातच मोडलेली असते. तिचा निकाल तेवढा उशिरा लागतो.

म्हणून घरून निघताना पहिले काम हे की, काठीवर काहीही लटकते ठेवू नये. उद्या पहाटे वेळ वाचेल या विचाराने आमिष बांधून, त्याचा गळ काठीच्या एखाद्या कडीत अडकवून आणि तंगूस ताठ करून काठी गाडीत टाकण्याची सवय अनेकांना असते. तिच्यामुळे तीन अनर्थ एकदम ओढवतात: आमिष काठीला ठेचत राहते, ताणलेल्या तंगुसामुळे शेंडा तासन्‌तास वाकलेल्या अवस्थेत राहतो, आणि तीन काट्यांचा तो उघडा गळ आसनाच्या कापडात, सोबतच्या मुलाच्या बोटात किंवा घाईने हात घालणाऱ्या मालकाच्याच तळव्यात रुतण्याची वाट पाहत असतो. आमिष सोडून पेटीत ठेवावे, तंगूस कड्यांतून काढून रिळावर गुंडाळावा, आणि रीळही काठीवरून उतरवून त्याच्या स्वतंत्र मऊ पिशवीत घालावे. रिळाचा ड्रॅग, म्हणजे माशाच्या ओढीला बेताबेताने सूट देणारी घर्षणाची रचना, त्या वेळी सैल करून ठेवावा, म्हणजे तिच्यातील चकत्या दबून राहत नाहीत.

यानंतर काठीचे भाग सुटे करावेत. ९ फूट लांबीची दोन भागांची काठी सुटी केली म्हणजे प्रत्येक भाग सुमारे साडेचार फुटांचा होतो. चार भागांची प्रवासी काठी त्याच लांबीची असूनही सव्वादोन फुटांच्या आसपास येते आणि लहान मोटारीच्या डिकीतही आडवी सामावते. ज्याला वरचेवर दूरच्या किनाऱ्यावर जावयाचे आहे, त्याने नवी काठी घेताना या गोष्टीचा विचार अवश्य करावा. सांधा सोडवितानाही पद्धत आहे. दोन्ही हात सांध्याच्या दोन बाजूंना, नळीवर धरून भाग सरळ रेषेत ओढावेत. कडीला धरून पिळू नये, कारण कडीचा पाय दोऱ्याच्या वेष्टनाने आणि लेपाने बसविलेला असतो आणि पिळण्याने ते वेष्टन सैल होते. सांध्यात वाळूचा एखादा कण राहिला असेल, तर तो आतून ओरखडे पाडतो. तेव्हा सांधा स्वच्छ फडक्याने पुसूनच काठी बांधावी.

काठीच्या कड्या हा तिचा दुसरा नाजूक अवयव. तंगूस धावताना तापू नये आणि झिजू नये, यासाठी धातूच्या चौकटीत सिरॅमिकचे गुळगुळीत वळे बसविलेले असते. हे वळे घर्षणाला कणखर, पण ठेचेला ठिसूळ. त्याला केसाएवढी चीर गेली, तरी तिच्यावरून धावणारा तंगूस खरवडला जातो आणि पुढच्या झटक्याला तुटतो. माणूस मात्र तंगुसाच्या दुकानदारावर रागावतो. ही चीर डोळ्यांना सहसा दिसत नाही. कान साफ करण्याची कापसाची काडी घ्यावी आणि ती प्रत्येक वळ्याच्या आतून हलकेच फिरवावी. जिथे चीर असेल तिथे कापसाचे धागे अडकून राहतात. शेंड्याची शेवटची कडी प्रवासात सर्वांत आधी आपटते आणि सर्वांत शेवटी तपासली जाते. म्हणून तपासणीची सुरुवात तिच्यापासूनच करावी. निघण्यापूर्वी एकदा आणि पोचल्यावर पुन्हा एकदा, एवढी दहा मिनिटांची तपासणी पुढच्या सगळ्या मनस्तापातून सोडविते.

सुटे केलेले भाग एकमेकांशी घासू नयेत, म्हणून प्रत्येकासाठी स्वतंत्र कप्पा असलेली सुती पिशवी शिवून घ्यावी. जुन्या धोतराचे किंवा चादरीचे कापड तिला उत्तम. पिशवी नसेल, तर भाग उलटसुलट न लावता कड्या एकमेकींत अडकणार नाहीत अशा बेताने जुळवावेत आणि रुंद, मऊ पट्टीने दोन ठिकाणी बांधावेत. रबरी कडे किंवा सुतळी घट्ट आवळली, तर जे चेपणे आपण टाळू पाहतो, ते आपल्याच हातून होते.

परंतु पिशवी ओरखड्यापासून वाचवील, भारापासून नाही. भारापासून वाचविण्यासाठी ताठ नळीच हवी. विकतच्या नळ्या चांगल्या मिळतात. तथापि नळकामाच्या दुकानात सांडपाण्याचा जो पीव्हीसी पाइप मिळतो, त्यातून घरच्या घरी होणारी नळी टिकाऊपणात कोणाला हार जात नाही. एका काठीच्या मोठ्या कड्या अडचणीशिवाय जातील असा ७५ मिलिमीटरचा, दोन-तीन काठ्या असतील तर ११० मिलिमीटरचा पाइप घ्यावा, आणि काठीच्या सर्वांत लांब भागापेक्षा तो तीन-चार इंच अधिक ठेवून कापावा. कापलेली धार कानसून आणि काचकागदाने घासून गुळगुळीत करावी, नाही तर पिशवीसकट काठी आत-बाहेर करताना तीच धार घात करते. एका तोंडाला टोपण कायमचे चिकटवावे, दुसऱ्याला फिरकीचे बसवावे, आणि दोन्ही टोपणांच्या आत दीड-दोन इंच जाडीच्या फोमच्या चकत्या घालाव्यात, म्हणजे गाडीला ब्रेक लागला तरी काठी टोपणावर आदळत नाही. चिकटवलेल्या टोपणाला दोन-तीन बारीक भोके पाडावीत. ओल बाहेर पडण्यासाठी ती आवश्यक आहेत. नळी हलवून पाहिल्यावर आत खडखडाट ऐकू आला, तर मोकळी राहिलेली जागा टॉवेलने भरून काढावी.

आता ही नळी गाडीत कुठे ठेवावी? सामान्य मोटारीत मागच्या आसनाची एक बाजू पाडून, नळी डिकीपासून दोन आसनांच्या मधल्या जागेत तिरपी घेता येते; मात्र तिचे टोक पुढच्या दोन आसनांच्या रेषेपुढे जाता कामा नये, गिअरच्या दांड्याला किंवा चालकाच्या कोपराला तिचा स्पर्श होता कामा नये, आणि आसनाच्या पट्ट्याने किंवा दोरीने ती दोन ठिकाणी जखडलेली असलीच पाहिजे. हा बंदोबस्त काठीसाठी जितका, तितकाच माणसांसाठी आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने चाललेली गाडी अकस्मात थांबली की आतील मोकळी वस्तू त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. आणि साडेचार फुटी नळी मागच्या आसनावरच्या मुलाच्या मानेशी कोणत्या कोनात असेल, याचा विचार निघण्यापूर्वीच केलेला बरा. नळीवाचून, नुसत्या पिशवीत काठी न्यावयाची असेल, तर जाड बूड पुढच्या बाजूला आणि शेंडा मागे ठेवावा, म्हणजे गचका बसला तरी तो बुडाने झेलला जातो. पण मग डिकीचे झाकण लावण्यापूर्वी शेंडा आत किती आहे हे हाताने चाचपून पाहण्याचा नेम कधीही चुकवू नये. नुसत्या नजरेवर भिस्त ठेवू नये, कारण शेंडा बारीक आणि काळा असतो, आणि डिकीचे अस्तरही काळेच असते.

सामान भरताना काठी सर्वांत शेवटी आत जावी आणि मुक्कामी पोचल्यावर सर्वांत आधी बाहेर यावी. बर्फाची पेटी, पाण्याचे कॅन, तंबूच्या कांबी हे सारे तिच्या बाजूला असावेत, तिच्यावर कधीही असू नयेत. खिडकीची काच खाली करून काठीचा शेंडा बाहेर काढून नेणारी मंडळी आपण रस्त्यावर पाहतो. वाऱ्याचे झोत, झाडाची फांदी, शेजारून जाणारी दुचाकी, आणि विसरून वर केलेली काच, यांपैकी कोणतीही एक गोष्ट त्या काठीला पुरते. आणि दुचाकीस्वाराच्या डोळ्याचे मोल तर कोणत्याही काठीच्या किमतीने भरून येणारे नाही.

काठी एकसंध, सात-आठ फुटांची असेल आणि आत मावत नसेल, तर टपावरील कॅरिअरचा आश्रय घ्यावा लागतो. तिथे नळी अपरिहार्यच. रुंद पट्ट्यांनी ती पुढे आणि मागे अशी किमान दोन ठिकाणी आवळावी, टोपण मागच्या बाजूला ठेवावे, आणि पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर गाडी थांबवून पट्ट्या पुन्हा तपासाव्यात, कारण हादऱ्यांनी त्या सैल पडतातच. नळी गाडीच्या अंगाबाहेर जाणार नाही, हेही पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमात २०१९ सालच्या दुरुस्तीने जी तरतूद झाली, तिच्यानुसार ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर पुढे, मागे, बाजूला किंवा उंचीने जाणारा माल वाहून नेणाऱ्यास २०,००० रुपये दंड आहे. कायद्याचा मूळ उद्देश मागून येणाऱ्याचा जीव वाचविण्याचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तो जाचक वाटत नाही.

ऊन आणि ओल हे प्रवासातील दोन मूक शत्रू. वैशाखात किनाऱ्यावर उभी करून ठेवलेली बंद मोटार आतून भट्टीसारखी तापते. त्या उष्णतेत कड्यांच्या पायाशी असलेला लेप आणि शेंड्याची कडी बसविण्यासाठी वापरलेला डिंक मऊ पडतो, रिळातील ग्रीस पातळ होऊन वाहते, आणि नायलॉनच्या तंगुसावर ऊन सतत पडत राहिले तर त्याचे बळ खचते. नळी शक्य तो पांढरी असावी, गाडी सावलीत उभी करावी, आणि जेवणासाठी थांबताना काठी मागच्या काचेला टेकवून ठेवू नये. ओलीची गोष्ट याहून महत्त्वाची, कारण ती परतीच्या वाटेवर घडते आणि त्या वेळी माणूस थकलेला असतो. खाऱ्या पाण्याने भिजलेली काठी तशीच नळीत कोंडली, तर कड्यांच्या चौकटी गंजतात, रिळाच्या मुठीला लोण चढते, बुचाच्या मुठीवर बुरशी धरते आणि लेपाला फोड येतात. म्हणून किनारा सोडण्यापूर्वी कॅनमधले गोडे पाणी काठीवरून आणि रिळावरून हलक्या धारेने सोडावे. रिळावर जोराचा फवारा मारू नये, त्याने मीठ आत ढकलले जाते. मग सगळे पुसून घ्यावे, आणि घरी पोचल्यावर काठी नळीबाहेर काढून रात्रभर सावलीत वाळत ठेवावी.

फेरीबोटीवर गाड्या एकमेकींना खेटून लावतात, दारे अर्धवट उघडतात, आणि खाडीचा वारा सुटताच लोकांना उतरण्याची घाई होते. दारांचे अपघात अशाच ठिकाणी होतात. फेरीबोटीवर काठी मुळीच बाहेर काढू नये. पलीकडे उतरून, गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी करून, सगळी दारे लावल्यावरच ती जुळवावी. जुळविण्यापूर्वी एकदा वर पाहावे. कार्बन विजेचा वाहक आहे, आणि दहा-बारा फुटांची काठी उभी धरली म्हणजे तिचे टोक खेड्यातील लोंबत्या विजेच्या तारेपर्यंत सहज पोचू शकते. बंदराच्या वाटेवर, माडांच्या वाड्यांतून अशा तारा ठिकठिकाणी गेलेल्या असतात; तेव्हा त्यांच्यापासून दूर गेल्याशिवाय काठीचा सांधा जोडू नये, आणि पावसाळी आभाळात वीज चमकू लागली तर ती खाली ठेवून निवाऱ्याला जावे.

एवढा व्याप एका काठीसाठी का करावा, असे कोणी विचारील. पैसे वाचतात, हे त्याचे एक उत्तर आहे, आणि ते खरेही आहे. परंतु त्याहून मोठे उत्तर पाण्यात आहे. प्रवासात दुखावलेली काठी किंवा चिरलेली कडी आपला दोष नेमकी त्याच क्षणी दाखविते, ज्या क्षणी दुसऱ्या टोकाला एक जिवंत प्राणी असतो. काठी मोडते, तंगूस तुटतो, आणि तोंडात रुतलेला गळ व मागे फरफटणारा कित्येक हात लांबीचा तंगूस घेऊन तो मासा खडकांत निघून जातो, जिथे तो तंगूस अडकून त्याचे मरण लांबते. मासा धरणे किंवा धरून सोडून देणे, या दोहोंचे समर्थन करता येते. आपल्या निष्काळजीपणामुळे त्याला असे अर्धवट सोडण्याचे समर्थन करता येत नाही. पाण्याशी आपले नाते काठीच्या मार्फत जडते, आणि त्या नात्याची जबाबदारी किनाऱ्यावर पाऊल ठेवल्यावर नव्हे, तर घरी काठी पिशवीत घालताना सुरू होते. ज्याने हे मनोमन मान्य केले, त्याला वरचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. काठी हातात घेताच ते त्याला आपोआप सुचतील.